फोन एक, पत्ता एक, माणूस एक

जोडणीबाई नोकरीत काय करतात, हे त्यांच्या सासूबाईंना अकरा वर्षांत समजलं नव्हतं आणि त्यात सासूबाईंची काही चूक नव्हती. आरोग्य खात्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या निम्म्या लोकांनाही ते धड समजलेलं नव्हतं.

काम असं होतं. शहरातला माणूस आजारी पडला की चार ठिकाणी चार नोंदी मागे ठेवतो. सल्ल्याच्या फोनवर बोलतो, तिथे एक. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो, तिथे दुसरी. कॅज्युअल्टीत पोचतो, तिथे तिसरी. नेहमीच्या दवाखान्यात जातो, तिथे चौथी. चारही ठिकाणचे कारकून आपापल्या मर्जीचे मालक. एक जण आडनाव आधी लिहितो, दुसरा वय अंदाजाने ठोकून देतो, तिसऱ्याला जन्मतारीख विचारायचा कंटाळा. हा फोनवाला म्हणजेच तो कॅज्युअल्टीवाला, असं ताडून पाहत या चार तुकड्यांतून अख्खा माणूस पुन्हा उभा करायचा, हे बाईंचं काम. म्हणून त्या जोडणीबाई. नावं त्यांना दिसत नसत. ती कुलूपबंद असत आणि त्यांच्या जागी नुसता एक क्रमांक येई. फोन नंबर आणि पत्ता मात्र जोडायला लागतो, म्हणून तेवढा उघडा असे.

या सगळ्याची गरज पडली होती कॅज्युअल्टीतल्या गर्दीमुळे. स्ट्रेचर व्हरांड्यात आले होते आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या गाड्या दारात तासतासभर खोळंबत होत्या. वर्तमानपत्रांनी खात्याला धू धू धुतलं होतं. वरून बाईंच्या साहेबांना विचारणा झाली की ही गर्दी नक्की कोणाची? कोण येतं, कशासाठी येतं, किती वेळा येतं? साहेबांनी ती विचारणा जशीच्या तशी उचलून बाईंच्या टेबलावर ठेवली.

घोडं अडलं ते जन्मतारखेपाशी. दर पाचातल्या एका नोंदीत ती जागा कोरी. असल्या नोंदी कशालाच जोडता येईनात आणि ढीग वाढत चालला. चार महिने साहेब रोज सकाळी टेबलाशी येऊन उभे राहत आणि विचारत, "बाई, किती राहिलं?" हा प्रश्न शंभर वेळा ऐकल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. एका दुपारी बाईंनी मशीनला एक नवा नियम लिहून दिला. फोन एक, पत्ता एक आणि जन्मतारीख कोरी, तर माणूस एक. मशीनने तो सगळा ढीग अकरा मिनिटांत फस्त केला. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. बाईंना स्वतःचं कौतुक वाटलं आणि ते पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

ढीग संपल्यावर यादी निघाली. वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा अ‍ॅम्ब्युलन्स कोणी बोलावली, याची. पहिल्या नंबरावर होती व्यक्ती क्रमांक ४०७१३. त्रेसष्ट वेळा.

शेजारच्या टेबलावर एक तरुण आकडेतज्ज्ञ बसायचा. जीभ चुरूचुरू चालायची त्याची. त्याने तिथल्या तिथे बारसं केलं. "हा सरकारचा जावई. आठवडा झाला की आलाच मानपान घ्यायला." तेव्हापासून ४०७१३ चं नाव जावई पडलं. मग रोज दुपारी जावयाची नवी भानगड निघायची. जावयाचा डावा खुबा मोडला. साडेतीन महिन्यांनी पुन्हा डावाच खुबा मोडला. "हौस दांडगी आहे," आकडेतज्ज्ञ म्हणाला. एकदा जावयाला प्रोस्टेटचा त्रास झाला आणि दोन महिन्यांनी गर्भाशयाचा. त्या दिवशी तर सगळी खोली पोट धरधरून हसली. जोडणीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. डोळे पुसून त्यांनी त्या नोंदींसमोर 'कचरा नोंद, दुर्लक्ष करावे' असा शेरा मारला आणि पुढच्या कामाला लागल्या.

इथे एक सांगायला हवं की बाई मूर्ख नव्हत्या. त्या खोलीत त्यांच्याइतकं बारकाईने बघणारं दुसरं कोणी नव्हतं. पण अकरा वर्षं ज्याने बाळंत झालेले पुरुष आणि दोनशे वर्षांची पोरं कागदावर पाहिली आहेत, त्याला विचित्र काही दिसलं की तो कारकुनाला शिव्या देतो. आपल्या नियमावर संशय घेत नाही. बाहेरच्या कुठल्याही शहाण्या माणसाने ती नोंद बघून विचारलं असतं, अहो, ही दोन माणसं तर नाहीत ना? आतल्यांना ते सुचलं नाही, कारण आतल्यांना सगळं माहीत होतं.

या गर्दीसाठी नेमलेल्या समितीपुढे साहेबांनी जावयाला पडद्यावर उभा केला. एका माणसाने वर्षात त्रेसष्ट गाड्या पळवल्या, असं म्हटल्यावर समितीतले लोक खुर्चीत पुढे सरकले. ठरलं असं की यादीतल्या पहिल्या पन्नास नंबरांवर अ‍ॅम्ब्युलन्सच्या फोनखोलीत पिवळी खूण लावायची. पिवळ्या खुणेचा फोन आला की गाडी लगेच पाठवायची नाही. आधी नर्स उलट फोन करून चौकशी करेल, मग काय ते ठरवेल. अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं.

"खरी गरज असेल तर गाडी जाणारच आहे," साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंनीही हलवली.

पुढच्या तीन महिन्यांत कॅज्युअल्टीच्या दारातली रांग जराशी कमी झाली. ती खुणेमुळे झाली की हवा बदलल्यामुळे, हे देव जाणे, पण साहेबांची पाठ थोपटली गेली.

मृत्यूंचं रजिस्टर त्यानंतर पहिल्यांदाच खात्याच्या हाती आलं. तेही जोडून बघा, असा हुकूम निघाला. बाईंनी मशीन सुरू केलं आणि ते जावयापाशी येऊन थांबलं. पडद्यावर लिहून आलं, 'या व्यक्तीचा मृत्यू आधीच नोंदलेला आहे.'

एकच मृत्यू दोनदा लिहिला गेला असेल, असं म्हणून बाईंनी नोंद उघडली. तारखा वेगळ्या होत्या. पहिला मृत्यू नऊ तारखेचा, दुसरा वीस तारखेचा. त्या पुढे गेल्या, तर मशीन पुन्हा थांबलं. तिसरा मृत्यू त्यानंतर पंधरा दिवसांनी. तीन दाखले, तीन वेगळी कारणं. आणि नऊ तारखेला मेलेल्या जावयाने वीस तारखेला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन केलेला होता.

"मेला तरी गाडी मागतोय? कमाल आहे जावयाची," आकडेतज्ज्ञ म्हणाला आणि हसण्याची वाट बघत बसला.

बाई हसल्या नाहीत. गर्भाशयाला कचरा म्हणताना त्यांना काही वाटलं नव्हतं. मेलेल्या माणसाला कचरा म्हणायला हात पुढे होईना. पण चूक नक्की कुठे झाली, हे त्या संध्याकाळपर्यंत त्यांना उमगलं नाही.

घरी त्या आणि सासूबाई दोघीच असत. नवरा मालवाहू जहाजावर, सहा महिन्यांनी उगवणारा. सासूबाई दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायच्या होत्या म्हणून फॉर्म घेऊन बसल्या होत्या.

"सूनबाई, तुझा नंबर सांग गं. इथे लिहायचाय."

"माझा कशाला? आई, तुमचा लिहा ना."

"माझा फोन मला ऐकू कुठे येतो? दातवाल्याकडे तुझाच दिलाय, गुडघेवाल्याकडे तुझाच. रक्त तपासायला येतो त्याच्याकडेपण तुझाच." सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "जन्मतारखेचं विचारलं त्यांनी, तर म्हटलं, आमच्या वेळी कोण लिहून ठेवतंय? असेल ते सूनबाईला विचारा. त्यांनी सोडून दिलं."

जोडणीबाईंनी तो फॉर्म हातात घेतला. फोन एक, पत्ता एक, जन्मतारीख कोरी.

"काय झालं गं? चेहरा का असा पडला?"

"काही नाही. आमच्या मशीनच्या हिशेबाने तुम्ही आणि मी एकच बाई आहोत."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "मग तुझं काही खरं नाही. माझे गुडघे आता तुला."

एरवी या बोलण्यावर दोघी हसल्या असत्या. त्या दिवशी सासूबाई एकट्याच हसल्या.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्या एका पत्त्यापुरता नियम काढून टाकला, नावांच्या जागचे क्रमांक आणि वयं बघत नोंदी हाताने वेगळ्या केल्या आणि जावई फुटला. त्याची सव्वीस माणसं झाली. सगळ्यात लहान सदुसष्ट वर्षांचं, सगळ्यात मोठं एक्क्याण्णव वर्षांचं. डावे खुबे दोन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांचे होते. प्रोस्टेट एकाचं होतं आणि गर्भाशय दुसरीचं. सव्वीस जणांत मिळून त्रेसष्ट फोन, म्हणजे माणशी दोन-अडीच. या वयाला हे काहीच नाही. सव्वीसांतला एकही यादीच्या पहिल्या हजारात आला नसता. पिवळी खूण लावल्यापासून त्यांतले तीन मेले होते.

नऊ तारखेच्या मृत्यूची वेळ त्यांनी काढून बघितली. फोन सकाळी अकराला. नर्सचा उलट फोन अडतीस मिनिटांनी. 'कोणी उचलला नाही, प्रकरण बंद.' अकरा त्रेपन्नला त्याच नंबरावरून पुन्हा फोन. 'श्वास बंद, गाडी थेट सोडली.' बारा नऊला गाडी पोचली. पोचण्यापूर्वी मृत्यू.

कागद घेऊन बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी दोनदा वाचलं. वाईट माणूस नव्हता तो. वाचताना त्याचाही रंग उतरला.

"उरलेले एकोणपन्नास तरी बरोबर आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. तपासायला हवं. तोवर सगळ्या खुणा काढू या साहेब."

"बाई, दोन महिन्यांनी समितीची शेवटची बैठक आहे. आता खुणा काढल्या तर का काढल्या ते लिहावं लागेल. एका पत्त्यामुळे सगळ्या कामावर पाणी फिरेल. तुमच्याच कामावर."

"माणसं मेलीत."

"म्हातारी माणसं होती," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्याने ओशाळले. "मला तसं म्हणायचं नव्हतं. जरा दमानं घेऊ, एवढंच. तुम्ही तपासत राहा. कागद माझ्याकडे राहू दे."

बाईंनी कागदाची दुसरी प्रत स्वतःकडे ठेवली. खुणांची यादी दर सोमवारी फोनखोलीत जाई आणि ती फाईल बाईच तयार करत. त्या सोमवारी त्यांनी कोणाला न विचारता तो एक नंबर यादीतून उडवला. पकडल्या गेल्या असत्या तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. खूण गेली. आता त्या पत्त्यावरून फोन आला की गाडी थेट निघणार होती. बाईंना वाटलं, निदान इथून पुढचं तरी आपण निस्तरलं.

फोनांची मोजणी दर आठवड्याला येई. पहिल्या आठवड्यात त्या नंबरावरून फोन शून्य. दुसऱ्या आठवड्यात शून्य. तिसऱ्या, चौथ्या आठवड्यातही शून्य. पूर्वी आठवड्याला एक तरी फोन ठरलेला होता.

"बघा," साहेब पाचव्या आठवड्यात म्हणाले. "तिथून आता एकही फोन नाही. खुणेचा काहीतरी चांगला परिणाम झाला असणार."

बाईंना त्या शून्याची भीती वाटायला लागली. सत्तरी-ऐंशीची माणसं पाच आठवड्यांत एकाएकी बरी होत नाहीत. जेवताना त्या ताटातला भात नुसता कालवत बसल्या. "तुझं लक्ष कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मग इथे बसून आकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "जाऊन बघ की."

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून जोडणीबाई त्या पत्त्यावर गेल्या. अकरा वर्षांत जोडलेल्या माणसाच्या दारात त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या. पाच मजल्यांची जुनी इमारत, पूर्वी कामगारांचं वसतिगृह असावं. एकेक खोली, एकेक खिडकी, दर मजल्याच्या टोकाला सगळ्यांचं मिळून एक न्हाणीघर. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना इथे खोल्या स्वस्तात मिळत. तळमजल्यावर दाराशीच एक टेबल होतं. टेबलामागच्या फळीवर खोल्यांच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली साठीपुढचा एक सडसडीत माणूस बसला होता. त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेला फोन होता. जिना उतरणाऱ्या एक आजी त्याला किल्लीकाका म्हणून हाक मारून गेल्या.

"मी आरोग्य खात्यातून आलेय," बाई म्हणाल्या.

किल्लीकाका ताडकन उभे राहिले. गळ्यातला फोन काढून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला.

"बंद केलेत मी फोन, बाई. जवळजवळ दोन महिने झाले, एकही केला नाही. पाहिजे तर बघा, सगळं यात दिसतं."

बाईंना तो फोन हातात घेववेना. "बसा काका," त्या म्हणाल्या. "तक्रार नाहीये. तुम्ही कोणासाठी फोन करत होतात, तेवढं सांगा."

"सगळ्यांसाठी. सदतीस माणसं आहेत इथे. फोन आहेत काहींकडे, पण पलीकडची पोरगी भराभरा विचारते, पत्ता काय, श्वास नीट चालतोय का, की यांची बोबडी वळते. म्हणून मीच करायचो. वय विचारलं की सांगायचो, असेल पंचाहत्तर. जन्मतारीख मला कुठे ठाऊक? त्यांचीच त्यांना ठाऊक नाही. दवाखान्यातही सगळ्यांनी माझाच नंबर दिलाय."

"मग बंद का केलेत?"

काका किल्ल्यांकडे बघत बोलायला लागले. "आधी ते तळमजल्यावरचे ड्रायव्हर गेले. रिटायर झालेले, भला माणूस. फोन केला, गाडी येईना. मी त्यांची छाती दाबत होतो, तेवढ्यात हा वाजायला लागला. दोन हात त्यांच्या छातीवर, फोन कुठे उचलू? नंतर गाडी आली, पण उपयोग काय? मग अकरा दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. या खेपेला नर्सचा फोन उचलला मी. ती म्हणाली, काका, पुन्हा तुम्हीच? या वर्षी त्रेसष्ट वेळा फोन केलात तुम्ही. ज्यांना खरी गरज असते त्यांची गाडी तुम्ही अडवता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी म्हटलं, चुकलो. वर आलो तोवर आजीही गेल्या होत्या."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"बरोबरच आहे त्यांचं," काका म्हणाले. "मलाच कळायला हवं होतं. जरा कोणाला घेरी आली की लावला फोन. त्यामुळे खऱ्या वेळेला गाडी आली नाही. मग मी सगळ्यांना जमवून सांगितलं, आता उठसूट बोलवायचं नाही. ओठ निळे पडले तरच. पुढे चौथ्या मजल्यावर शिवणबाई गेल्या. दोघी बहिणी एका खोलीत राहायच्या, ही थोरली. सकाळी दहाला धाकटी सांगायला आली, हात दुखतोय, जबडा दुखतोय म्हणून. मी जाऊन ओठ बघितले. बरे होते. म्हटलं, दुपारपर्यंत बघू. साडेबाराला संपलं."

तिसरा मृत्यू. त्यासाठी फोनच झाला नव्हता, हे बाईंनी कागदावर वाचलं होतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं की झोपेतच गेलं असेल कोणी.

"काका, आत्ता वर कोणी आजारी आहे?"

काका घुटमळले. "दुसऱ्या मजल्यावर मास्तर आहेत. सकाळपासून घामाघूम झालेत, छाती भरून आलीय म्हणतात." मग घाईघाईने म्हणाले, "पण ओठ अजून चांगले आहेत. आत्ताच बघून आलो."

जोडणीबाई जिना चढल्या त्या धावतच. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, बनियन भिजून अंगाला चिकटलेलं, हाताशी व्यवस्थित घडी घातलेला टॉवेल. "काही नाही, जरा बसलोय," ते म्हणाले. बाईंनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. पलीकडच्या मुलीने पाच प्रश्न विचारले आणि गाडी निघाल्याचं सांगितलं. नवव्या मिनिटाला गाडी दारात होती. गाडीतल्या दोघांनी मास्तरांना खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यांतला एक जाताना बाईंना म्हणाला, "बरं केलंत फोन केलात. अजून तासभर थांबला असतात तर कठीण होतं."

गाडी वळणाआड गेली तरी किल्लीकाका फाटकातच उभे होते.

"म्हणजे गाडी होती," ते म्हणाले.

"होती."

"तुमच्या फोनवर लगेच आली. माझ्या का येत नव्हती?"

अकरा वर्षांत कोणाला समजावून सांगता न आलेलं काम जोडणीबाईंना त्या फाटकात सांगावं लागलं. सव्वीस माणसांचा एक माणूस कसा झाला, नियम कोणी लिहिला, खूण कुणामुळे लागली. जावई म्हणून आम्ही हसत होतो, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण लपवायची हिंमत झाली नाही. "चूक तुमची नाही. तुम्ही एकही फोन उगाच केला नव्हता. चूक माझी आहे. खूण मी काढलीय. आता तुमच्या फोनवर गाडी येईल."

काकांनी हातातला फोन उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी विचारलं, "शिवणबाईंच्या वेळी मी फोन केला असता तर?"

खोटं बोलून त्या माणसाचं ओझं उतरवता आलं असतं, पण कुठलं खोटं बोलावं हेही बाईंना कळेना. "तेव्हा खूण होती," त्या म्हणाल्या. "आधी नर्सचा फोन आला असता. अर्धा-पाऊण तास त्यात गेला असता. तरी साडेबाराच्या आधी गाडी पोचली असती. वाचल्या असत्या की नाही, मला सांगता येत नाही. पण तुम्ही फोन केला नाहीत, तो आम्ही करू दिला नाही म्हणून."

"हे तिच्या बहिणीला सांगा," काका म्हणाले. "त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही ती. समोर आलो की मान खाली घालून जाते. चौथा मजला, उजवीकडे तिसरं दार."

"तुम्ही येता बरोबर?"

"नाही. मला परत ऐकायचं नाही."

चौथ्या मजल्यावर त्या दाराला कडी नव्हती. आत दोन खाटा होत्या. एक रिकामी, तिच्यावर शिवायला आलेल्या कपड्यांची गाठोडी तशीच पडलेली. खिडकीशी बसलेल्या आजी उठून दारात आल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीविषयी बोलायचंय, असं म्हणून बाईंनी हळू आवाजात सुरुवात केली. चार वाक्यं झाल्यावर आजींनी हात वर केला.

"मोठ्यानं बोल बाळ. मला कमी ऐकू येतं."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. असलं काही ओरडून सांगायची पाळी कोणावर येऊ नये. नियम माझा होता, हे त्यांनी मोठ्याने सांगितलं. व्हरांड्यातली दारं एकामागून एक उघडली. काठी टेकत एक जण आला, भिंतीला धरून दुसऱ्या आल्या. गाडी अडवणारे तुम्ही नव्हता, असं सांगताना बाईंचा आवाज फाटला. कोणी शिवी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. कोणी दिली नाही. सगळे ऐकत होते.

आजींनी खिडकीकडे बोट दाखवलं. "आत्ता मास्तरांना नेलं ते बघितलं मी इथून. किती वेळात आली गाडी?"

"नऊ मिनिटांत."

आजी त्या रिकाम्या खाटेच्या कडेवर बसल्या.

"मी काकांशी बोलत नाही ते रागानं नाही गं," त्या म्हणाल्या. "तोंड दाखवायची लाज वाटते. दहानंतर ताई मला तीनदा म्हणाली, खाली जाऊन पुन्हा सांग. मी गेले नाही. मी तिला म्हटलं, एकदा सांगून झालंय, सारखं सारखं काय सांगायचं, लोक काय म्हणतील."